नोंद झाल्याची वेळ

२ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! दोन खोल्या, एक गॅलरी आणि खाली चष्म्याचं दुकान. दुकानदार भला माणूस दिसतो. ठकीने सामान उतरवायच्या आधीच त्याच्याकडून डोळे तपासून घेतले आणि डोळे उत्तम निघाले म्हणून हिरमुसली, कारण तिला चष्मा हवा होता. नऊ वर्षांच्या माणसाला काय काय दुःखं असतात.

नोकरी वाचनालयात, कॉम्प्युटर सांभाळायची. आधीच्या कंपनीतल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. त्यांना काय सांगायचं? इथे साडेपाचला घरी जाता येतं आणि शाळा वाचनालयाच्या समोरच आहे. ठकीची आई जाऊन दीड वर्ष झालं. घरात आता आम्ही दोघंच, त्यामुळे साडेपाच ही वेळ मला पगाराहून मोठी वाटते.

ग्रंथपालबाईंचा आवाज एवढा दणदणीत आहे की 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्यासाठीच लावली असावी. काउंटरवर दादा. पस्तीस वर्षं पुस्तकं देतात-घेतात, पण स्वतः सभासद नाहीत. म्हणाले, दिवसभर जे उचलतो तेच घरी नेऊन पुन्हा कशाला उचलू? एक करडी मांजर आहे. दादांनी गमतीने तिचीही नोंद केली आहे : सभासद क्रमांक १९०७, व्यवसाय उंदीर. ठकी हसून हसून लोळायची बाकी राहिली. तिचीही नोंद आजच झाली, क्रमांक २६१४, सध्या सगळ्यांत शेवटचा. तिने लगेच एक जाडजूड पुस्तक उचललं आणि नेहमीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचलं. ही खोड तिच्या आईची.

५ मार्च, गुरुवार

काम समजलं. सभासदांचं एक मोठं टेबल आहे. प्रत्येकाच्या नावे एक ओळ : नाव, पत्ता, सध्या घरी किती पुस्तकं आहेत तो आकडा. पुस्तक दिलं-घेतलं की आकडा बदलतो. डेटा सगळा मुख्यालयात, इथला कॉम्प्युटर म्हणजे नुसती त्याची खिडकी.

वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं होतात. बाईंना जुन्या वाचकांचा सत्कार करायचा आहे. पण कोण कधी सभासद झालं, हे टेबलात कुठेच नाही! कुणालाच कधी गरज वाटली नाही म्हणे. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो. मी घरातल्या बरण्यांवरही भरल्याची तारीख चिकटवणारा माणूस. ठकीची आई म्हणायची, एक दिवस माझ्याही कपाळावर चिठ्ठी लावशील.

बाईंना सांगितलं, आठवड्यात करून देतो.

१० मार्च, मंगळवार

दिलं करून. टेबलात नवा कॉलम जोडला : 'नोंद झाल्याची वेळ'. तारीख, तास, मिनिट, सगळं. हाताने काही भरायला नको, वेळ आपोआप पडते. जुन्यांची जागा मुद्दाम कोरी ठेवली. कधीतरी आले, पण आपल्याला माहीत नाही, हे कबूल करणारी कोरी जागा मला खोट्या तारखेपेक्षा बरी वाटते. खऱ्या तारखा कपाटातल्या कागदी अर्जांवरून भरीन.

संध्याकाळी ठकीला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, माझी पण वेळ पडली का? म्हटलं, तू कॉलमच्या आधी आलीस, तुझी जागा कोरी. तिला ते अन्यायाचं वाटलं.

११ मार्च, बुधवार

डोकं फिरलं आज. दुपारपासून सर्वांत जुने चाळीस अर्ज घेऊन बसलो. अर्जावरची तारीख टाइप करायची, सेव्ह करायचं. सेव्ह केलं की माझी तारीख गायब आणि तिथे आजची वेळ! चाळीसच्या चाळीस वेळा. गाढवासारखा शेवटपर्यंत करत बसलो, की एकदा तरी नीट बसेल. उद्या बघतो काय भानगड आहे ती.

एक गंमत. वाचनकक्षात खिडकीशी एक निवृत्त मास्तर रोज बसतात, सभासद क्रमांक १. ते दुपारी उठून दादांना म्हणाले की ही कुठली इमारत आणि मी इथे बसलो तर चालेल का? दादा म्हणाले, मास्तर, खुर्चीला तुमचा आकार आलाय, आता काय परवानगी मागता? सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

मास्तरांच्या पत्नी आल्या होत्या. मास्तर त्यांना ओळखत नाहीत. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. बोलतात छान, वाचतात, हिशेब अचूक करतात, पण बुधवार दुपारच्या आधीचं काहीच नाही. त्या माउली म्हणाल्या, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर यांना माझं नाव सांगावं लागलं, आणि नाव चांगलं आहे म्हणाले.

शिवणकाम करणाऱ्या मावशी काल पुस्तक परत करून बाहेर पडल्या आणि पायरीवरच उभ्या राहिल्या. हातात घराची किल्ली, पण घर कुठलं ते माहीत नाही. दादांनी पोचवलं. दादांचं म्हणणं, पाण्यात काहीतरी आलं असणार. ठकीला आजपासून उकळून गार केलेलं पाणी दिलं.

१६ मार्च, सोमवार

पाणी नाही.

सावकाश लिहितो. नवा कॉलम मी उघडून बघितला. मावशींच्या ओळीत वेळ पडली आहे : गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी पुस्तक परत केलं ती वेळ. मास्तरांच्या ओळीत बुधवार, तीन वाजून बारा. मी त्यांची तारीख सेव्ह केली ती वेळ. दादांना विचारलं, मास्तर कधी उठले? म्हणाले, तीनचा चहा झाल्यावर लगेच.

माझी चूक आता स्पष्ट दिसते. वेळेचे कॉलम दोन जातींचे असतात. एक, ओळ तयार झाली तेव्हाची वेळ एकदाच घेतो आणि पुन्हा बदलत नाही. दुसरा, ओळीला जरा हात लागला की नवी वेळ घेतो. मी घाईत दुसरा निवडला. पोराटोरांची चूक. पुस्तक द्या, घ्या, पत्ता बदला, दर वेळी टेबल म्हणणार की हा माणूस आत्ता, या मिनिटाला आला.

आणि तो माणूस तसाच होतो. आत्ताच आल्यासारखा.

परवापर्यंत मी अशा गोष्टीला हसलो असतो. सत्तावीस ओळींवर ताज्या वेळा पडल्या आहेत, शिवाय मी हात लावलेल्या चाळीस. सत्तावीसपैकी नऊ जणांची दादांकडे चौकशी केली. नऊच्या नऊ घरांत रडारड चालू आहे.

मास्तरांची तारीख दुरुस्त करून बघितली. अर्जावरची खरी तारीख, पन्नास वर्षांपूर्वीची. सेव्ह केलं. तारीख गायब, आत्ताची वेळ. दुरुस्ती हाही हात लावणंच की! हे माझ्या लक्षात आलं तोवर पलीकडे वाचनकक्षात मास्तर खुर्चीतून उठले होते. पाच दिवसांत त्यांना पत्नीचं नाव पाठ झालं होतं. त्यांना आणून शेजारी बसलेल्या पत्नीलाच त्यांनी ते नाव पुन्हा विचारलं. मी टेबलाखाली तोंड घालून रडलो, लिहायला लाज वाटत नाही.

१७ मार्च, मंगळवार

बाईंना सगळं सांगितलं. आधी हसल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही एकटे राहता, लेकराचं करता, झोप होत नाही तुमची. मी हातापाया पडलो की निदान काउंटर बंद ठेवा. त्यांनी टेबलाच्या खणातून स्वतःचं वाचून झालेलं पुस्तक काढलं आणि म्हणाल्या की बघा, तुमच्या डोळ्यांदेखत परत करते.

मी आडवा गेलो. त्यांनी मला बाजूला सारलं. दादांनी पुस्तक घेतलं, नोंद केली.

बाई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. मग वर पाटीकडे बघून, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं की इथे बोललेलं चालतं का.

१८ मार्च, बुधवार

दादा आता माझ्या बाजूने आहेत. देवाणघेवाण कागदावर, कॉम्प्युटरला हात नाही. बाईंची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली.

कॉलमची जात बदलणं किंवा कॉलमच काढून टाकणं, हा साधा उपाय आहे. म्हणून एक खोटं टेबल बनवून त्यावर करून बघितलं. दहा बनावट नावं. बदल करताना संपूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं आणि दहाही ओळींना हात लागतो. दहाच्या दहा वेळा ताज्या पडल्या. म्हणजे तो रस्ता बंद.

ठकीची ओळ रोज दहा वेळा बघतो, नुसती बघतो. कोरी आहे. तिचं ते जाडजूड पुस्तक मी कपाटावर ठेवलं. परत करायचं नाही असं सांगितलं. तिला काही कळेना. उशिरा पुस्तक देणारी माणसं तिला अजिबात आवडत नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

एक उपाय उरतो. ओळ पुसूनच टाकायची. टेबलात नावच नाही, तर वेळ कुणाला पडणार? पण आधी ठकीवर नाही. आधी मांजर. क्रमांक १९०७. ती आत्ता माझ्या पायाशी बसून दप्तराचा बंद चावते आहे. करडी, डाव्या कानाला खाच. दुपारी तिची ओळ पुसून बघणार आहे. तिला काही होऊ नये.

२० मार्च, शुक्रवार

वरचा मजकूर माझ्याच अक्षरात आहे.

मला मांजर आठवत नाही. दादांना विचारलं. म्हणाले, कुठली मांजर? इथे मांजर कधीच नव्हती, मला तर केसांची ॲलर्जी आहे. ठकीला विचारलं. मांजर पाळूया का, असं तिने आनंदाने विचारलं. २ तारखेचं पान तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, बाबा, तू गोष्ट लिहितोस?

टेबलात १९०६ च्या खाली १९०८ आहे.

मी ठकीची ओळ पुसणार होतो.

२३ मार्च, सोमवार

मुख्यालयाचं पत्र. सगळ्या सभासदांची मुदत ३१ तारखेला संपते, ती त्यांच्याकडूनच एका वर्षाने वाढवली जाईल. एकाच आज्ञेने, सगळ्या ओळींवर. ३१ मार्च, सकाळी अकरा चाळीस. आपणास काही करण्याची आवश्यकता नाही, असं खाली छापलंय.

सगळ्या ओळी. २६१४ सुद्धा.

फोन केला. तिथले साहेब सभ्य आहेत. म्हणाले, दरवर्षी होतं, काळजी करू नका. म्हटलं, निदान एक नोंद वगळा. ते म्हणाले, नियमात बसत नाही, पण ग्रंथपालांच्या सहीचं पत्र आणा, बघू. बाईंच्या बहिणीकडे गेलो. बाई अंगणात बसून होत्या. कागद पुढे केला. त्यांनी विचारलं की सही म्हणजे नेमकं काय करायचं.

तरीही त्यांनी काढली सही, नुसत्या रेषा. पत्र स्कॅन करून ईमेलने पाठवलं. सही जुळत नाही म्हणून संध्याकाळीच परत आलं.

२५ मार्च, बुधवार

आज थोडक्यात वाचलो. शाळा लवकर सुटली. मी मागच्या खोलीत फोनवर होतो. बाहेर आलो तर ठकी काउंटरवर, हातात ते पुस्तक. खुर्ची लावून कपाटावरून काढलं होतं. दादा जेवायला गेलेले. कॉम्प्युटर चालू होता आणि तिला सगळं येतं, मीच शिकवलंय. तिचं कार्ड यंत्राखाली धरलेलं.

मी तिचा हात एवढ्या जोरात ओढला की ती पडली. तिच्यावर ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. ती रडत रडत म्हणाली की तिला फक्त वेळेवर परत द्यायचं होतं.

घरी येऊन तिच्या कोपराला औषध लावलं. मग तिला खरं सांगितलं. सगळं. मला वाटलं घाबरेल. तिने फक्त विचारलं, म्हणजे मी आईला पण विसरणार?

मी हो म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं.

२७ मार्च, शुक्रवार

साहेब आता फोन घेत नाहीत. काल सहा तासांचा प्रवास करून मुख्यालयात जाऊन आलो. ठकी सोबत होती. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. ठकीने त्याला समजावून सांगितलं, अगदी शहाण्यासारखं. तो हसला.

दूर निघून जावं तर त्यानेही काही होत नाही. मावशींचा मुलगा दुसऱ्या गावी असतो. परवा त्याने तिथूनच मोबाइलवर, मुख्यालयाच्या साइटवरून, पुस्तकाची मुदत वाढवून घेतली, जुन्या सवयीने. आता शेजारी मावशींना त्याचा फोन लावून देतात, तर तो लगेच ठेवतो. कोण बाई आहे, म्हणतो.

२८ मार्च, शनिवार

एक वेगळी वही केली. ठकी बोलते, मी लिहितो. आईबद्दल जेवढं म्हणून तिला आठवतं तेवढं. नंतर वाचून दाखवता येईल. मास्तरांच्या पत्नी हेच करतात. मास्तर ऐकून घेतात, म्हणतात, छान होती हो ती माणसं.

नकोच तो विचार.

आई जिन्याच्या पायऱ्या मोजायची तेव्हा पाचपासून सुरुवात करायची. एक ते चार सगळ्यांनाच येतात म्हणायची. आई बाबाच्या शर्टाला मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बटण लावायची. मला हे माहीत नव्हतं! सात वर्षं मी तो शर्ट घालतोय. मला वाटायचं, दोरा संपला असेल.

किती गोष्टी फक्त या पोरीजवळ आहेत.

२९ मार्च

सकाळपासून लिहितोय. ठकीचा घसा बसला. मधेच म्हणाली, बाबा, तू कसा आहेस ते पण लिहून ठेव, नाहीतर मला कसं कळणार? मी लिहिलं : उंच. विसराळू नाही. ओरडला एकदा.

तिने खाली स्वतः लिहिलं आहे. काय ते मी वाचलं नाही. वाचवत नाही.

३० मार्च

कोरी आहे अजून. साहेब रजेवर. आज्ञा आधीच लावून ठेवली आहे म्हणे, आपोआप चालते. माझ्यासारखाच कुणीतरी. आपोआप —

दादा येऊन बसले. जाताना ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात दोन हजारांवर लोक आहेत टेबलात, उद्या दुपारपर्यंत ते सगळे — आणि मला एकच ओळ दिसते. देव मला क्षमा करो, मला एकच दिसते.

शेवटचा प्रयत्न. तिच्या ओळीला — नाही. हात लावायचा नाही. हात लावायचा नाही.

३१ मार्च, मंगळवार

दहा वाजले. शाळेत पाठवलं नाही. गॅलरीत बसलो आहोत. तिने आईचा स्वेटर घातलाय, बाह्या दुमडून.

१०.५० — विचारलं, काही राहिलं का? म्हणाली, एक राहिलं आहे, पण सांगायचं नाही असं आईला वचन दिलंय. दवाखान्यातली शेवटची गोष्ट. मी बाहेर औषध आणायला गेलो होतो तेव्हाची. माझ्यासाठी त्या दुपारी ठकीच्या आईने काहीच निरोप ठेवला नाही असं मी दीड वर्ष धरून चाललोय.

११.१५ — सांगत नाही. वचन आहे म्हणते. मी जबरदस्ती करत नाही. करतोय. तिचे हात धरलेत.

११.२८ — रडली. मीही. आई रागावणार नाही असं शंभरदा सांगितलं. मुलीचं वचन मोडायला लावणारा बाप आहे मी.

११.३५ — सांगते म्हणाली. तिच्या शब्दांत जसंच्या तसं घेतोय, वेगळी वही आत आहे, आणायला वेळ नाही, इथेच. आई म्हणाली जवळ ये. आईचा आवाज येत नव्हता म्हणून मी कान लावला. आई म्हणाली बाबाला आत्ता सांगू नकोस, तो खूप रडेल, तू मोठी झालीस की सांग. मी म्हटलं किती मोठी. आई हसली. म्हणाली त्याच्या खांद्याला लागशील तेवढी. मग म्हणाली, त्याला सांग, त्या दिवशी मी भांडले ना, ते खरं म्हणजे मला त्याला असं सांगायचं होतं की —

थांबली. लिहितोय, ठकी, बोल. माझ्याकडे बघते आहे. हात सोडवून घेतला. खुर्ची मागे सरकवली. दुमडलेल्या बाह्यांकडे बघते, मग दाराकडे. विचारते आहे, अगदी नम्रपणे, की काका, तुम्ही का रड